पोशिंदा

श्रावण नुकता लागला होता. विहिरीजवळच्या बाभळीखाली ठिबकची फुटलेली नळी सांधत बसलो होतो आणि डोक्यावर सातभाईंची कलकल चालली होती. आटपाडीच्या रानात ही कलकल बारमाही. तिच्यासाठी कुणी मान वर करत नाही. पण त्या दिवशी तिच्यात एक वेगळा आवाज मिसळला होता. किरटा, हट्टी, दम न खाणारा. वर पाहिलं तर खालच्या आडव्या फांदीवर एक पिल्लू बसलेलं. अंगानं भरलेलं, छातीवर तपकिरी रेघोट्या, शेपटीवर पट्टे. भोवतीच्या मळकट करड्या सातभाईंपेक्षा थोराड. एक सातभाई आला, चोचीतली अळी त्याच्या वासलेल्या तोंडात कोंबली आणि गेला. तो जातो न जातो तोच दुसरा नाकतोडा घेऊन आला. मग तिसरा. भरवणाऱ्याचं डोकं त्या तोंडात जवळजवळ निम्मं आत जायचं. पिल्लू गिळायचं आणि गिळतागिळताच पुन्हा ओरडायला लागायचं.

ते पिल्लू पावशाचं होतं.

पावशा म्हणजे मृग जवळ आला की दिवसरात्र 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणून सांगत फिरणारा. आमचा तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, त्यामुळे इथं त्याच्या आवाजाला फार मान. माझे वडील तो आवाज ऐकला की बोलता बोलता थांबत आणि तो पुन्हा येईपर्यंत कुणाला बोलू देत नसत. दुसरा मानाचा पाहुणा चातक. काळापांढरा, डोक्यावर तुरा, मान्सूनच्या वाऱ्याबरोबर आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून येणारा. तो दिसला की म्हातारी माणसं आभाळाकडं बघत. हे दोघेही स्वतःचं घरटं बांधत नाहीत. दोघांची अंडी सातभाईंच्या घरट्यात. सातभाईचं अंडं निळंशार, या दोघांचंही निळंच. ज्या पक्ष्यांच्या तोंडून आम्ही पावसाची वर्दी ऐकत आलो, ते दोन्ही सातभाईंच्या कष्टावर वाढलेले. पावसाचं कौतुक करताना सातभाईंचं नाव कुणी घेतल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आणि हे सातभाई भोळे म्हणून फसतात असंही नाही. त्यांची रीतच अशी आहे की एका जोडीनं अंडी घातली तरी पिल्लांना सगळा थवा भरवतो. काका, आत्या, मागच्या साली वाढलेली भावंडं, सगळी. उघडं तोंड दिसलं की त्यात घास घालायचा, हे तोंड कुणाचं असं विचारायचं नाही. याच रीतीवर त्यांचा वंश या काटेरी, कोरड्या मुलखात टिकला. पावशा नेमका तिथंच हात घालतो. सातभाईंची जी सर्वांत चांगली गोष्ट, तिच्यावर त्याचं पोर पोसलं जातं. हे मला त्या बाभळीखाली नळी हातात धरून बसलो असताना पहिल्यांदा लख्ख दिसलं, आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. फळ्यावर दोन रकाने आखायचे: परजीवी आणि यजमान. गोचीड, जंत, अमरवेल डावीकडं. म्हैस, माणूस, बोर उजवीकडं. डाव्या रकान्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ असे. किती अंडी, किती अवस्था, किती युक्त्या. उजव्या रकान्यात नुसतं नाव लिहायचं आणि पुढं जायचं. पोरांना 'यजमान' म्हटलं की सत्यनारायणाला पाटावर बसलेला माणूस आठवायचा, म्हणून मी कधीकधी दुसरा शब्द वापरायचो: पोशिंदा. एकदा तो लिहिला आणि मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, पोशिंदा म्हंजी शेतकरी ना? भाषणात म्हणत्यात तसा? मग त्येच्यावर कोण बसलंय?" वर्ग हसला नाही. बहुतेकांच्या घरी त्या साली डाळिंबाचे पैसे झाले नव्हते. मी तिला 'खाली बस' म्हणालो आणि तास पुढं नेला. तिला उत्तर द्यायला हवं होतं.

डाव्या रकान्यातलं सर्वांत बदनाम नाव बांडगुळाचं. ज्याला राबायला नको आणि खायला हवं त्याला मराठीत दुसरा शब्द शोधावा लागत नाही. आमच्या विहिरीवर आजोबांनी लावलेला आंबा आहे, त्याच्यावर तीन ठिकाणी बांडगुळं आहेत. त्याचं बी पेरतो तो फुलटोच्या, अंगठ्याएवढा पक्षी, भारतातल्या सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक. बांडगुळाचं पिकलं फळ तो गिळतो, पण बी इतकं चिकट की ते सहजी सुटत नाही. फांदीवर बूड घासून त्याला ते पुसून टाकावं लागतं. जिथं पुसलं तिथं ते चिकटतं आणि तिथंच रुजतं. कोकणातल्या बांडगुळाचा प्रसार फुलटोचे आणि सूर्यपक्षी कसा करतात यावर सलीम अलींनी १९३१ साली निबंध लिहिला होता. फुलंही त्याची सुंदर, नळीसारखी, शेंदरी. पानं हिरवी, म्हणजे अन्न ते स्वतःचं स्वतः करतं. झाडाकडून घेतं ते मुख्यतः पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार.

पाणी. आमच्या तालुक्यात दुसरं काय घेण्यासारखं आहे?

वडिलांनी एकदा कोयत्यानं तिन्ही बांडगुळं छाटली होती. वर्षात पुन्हा आली. मग त्यांनी मला वर चढवून सांधा दाखवला. बांडगूळ जिथं फांदीला लागलेलं असतं तिथं फांदी मुठीसारखी सुजलेली असते. साल खरवडली तर आंब्याचं लाकूड कुठं संपलं आणि बांडगुळाचं कुठं सुरू झालं ते बोटाला कळत नाही. ते वरून बसलेलं नसतं, आत पाचर मारून एक झालेलं असतं. काढायचं तर सांध्याच्या खाली हातभर सोडून फांदीच तोडावी लागते. वडील खाली उभे राहून बराच वेळ त्या फांदीकडं बघत होते. तिला त्या साली मोहोर चांगला होता. "ऱ्हाऊ दे," म्हणाले.

त्या राहू दिलेल्या बांडगुळांची आठवण मला २०१३ च्या उन्हाळ्यात झाली. तालुक्यात चारा छावण्या लागल्या होत्या. मोठी जनावरं छावणीला, शेरडामेंढरांचं ज्याचं त्यानं बघायचं. 'बनगरवाडी' कादंबरीतले मेंढके ज्या मुलखातले, तो हाच मुलूख, माडगूळकरांचं माडगुळं याच तालुक्यात. आणि दुष्काळ पडला की मेंढरं घेऊन 'जगायला जायचं' ही इथली जुनी वाट. ज्यांना जाता आलं नाही त्यांच्यातला एक धनगर आमच्या विहिरीवर आला आणि विचारता झाला, आंब्यावरची बांडगुळं काढून नेऊ का? शेळ्या खातात. बोरीबाभळींची त्यानं आधीच संपवली होती. आंब्याची निम्मी पानं तेव्हा करपली होती आणि बांडगुळं मात्र हिरवी होती, कारण झाडाला तहान लागली म्हणून ती आपलं पिणं कमी करत नाहीत. त्या हिरव्या पाल्यावर त्याच्या शेळ्या आठवडाभर उभ्या राहिल्या. आंब्यानं स्वतःच्या तोंडचं पाणी बांडगुळाला दिलं, ते शेळ्यांच्या पोटात गेलं, शेळ्यांचं दूध त्याच्या नातवाच्या. तेव्हापासून माणसाला बांडगूळ म्हणून शिवी द्यायला माझी जीभ वळत नाही. आंब्याचं नुकसान मात्र झालंच होतं. ती फांदी दुसऱ्या साली वाळली.

पण सातभाईंनी जे दाखवलं ते मला सर्वांत खोल सापडलं ते ज्वारीच्या मुळाशी.

आमच्याकडं हलक्या रानात ज्वारी गुडघ्याएवढी झाली की कधीकधी मधूनच पिवळी पडायला लागते. पाणी आहे, खत टाकलंय, तरी ताटं सुकलेली. आणि मग एके दिवशी बुडाशी पांढरी नाजूक फुलं दिसतात. हा टारफुला. तो दिसतो तेव्हा वेळ गेलेली असते, कारण जमिनीवर येण्याआधी त्यानं खाली ज्वारीची मुळं धरलेली असतात. त्याचं बी धुळीसारखं. एका झाडाला हजारोंनी येतं आणि जमिनीत दहा-दहा, वीस-वीस वर्षं निजून राहतं. पाऊस पडला म्हणून ते उगवत नाही. उगवून जवळ मूळ मिळालं नाही तर इतकं लहान बी चार दिवसांत मरेल. ते वाट बघतं ती ज्वारीच्या मुळानं हाळी देण्याची.

ही हाळी खरीच असते. मुळातून एक द्रव्य अगदी सूक्ष्म प्रमाणात मातीत झिरपतं. १९६६ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी कापसाच्या मुळांतून ते पहिल्यांदा वेगळं काढलं. मग जवळजवळ चाळीस वर्षं एक प्रश्न लोंबकळत राहिला: आपल्याला खाणाऱ्याला जागं करणारं द्रव्य झाड स्वतःहून बाहेर का टाकतं? उत्तर मिळालं २००५ साली, जपानी शास्त्रज्ञांकडून. ती हाळी टारफुल्यासाठी नसतेच. ती असते मातीतल्या एका बुरशीसाठी. ही बुरशी मुळात वस्तीला येते, आपले तंतू लांबवर पसरते, मुळाला जिथं पोचता येत नाही तिथून स्फुरद आणून देते आणि बदल्यात साखर घेते. वनस्पतींचा आणि बुरशीचा हा घरोबा कोट्यवधी वर्षांचा. ज्वारी आपल्या सोबत्याला हाक मारते आणि अंधारात निजलेला टारफुला ती चोरून ऐकतो.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री उशिरापर्यंत झोप आली नाही. कारण त्यात पुढं असं होतं की जमिनीत स्फुरद जितकं कमी, तितक्या मोठ्यानं मूळ हाळी देतं. भरल्या रानातल्या ज्वारीला फारसं ओरडावं लागत नाही. भुकेल्या रानातली ज्वारी ओरडते, आणि म्हणून टारफुला भुकेल्या रानातच जास्त. हे माझ्या मुलखाइतकं दुसऱ्या कुणाला कळणार? दुष्काळात ज्यांनी मदतीसाठी हाका मारल्या त्यांच्याकडं टँकर आले, चारा आला, आणि त्याच वाटेनं सावकारही आला. हाक मारूच नये असं कुणी म्हणू शकतं. पण मुकं राहिलेलं मूळ उपाशी मरतं.

इथिओपियात जन्मलेले गेबिसा एजेटा यांनी टारफुल्याला दाद न देणाऱ्या ज्वारीच्या जाती तयार केल्या. २००९ सालचा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. पुढं लक्षात आलं की त्यांतल्या काही ज्वाऱ्या हाळी द्यायच्या थांबलेल्या नाहीत. त्यांनी हाळीचा सूर बदललाय. टारफुल्याच्या कानाला तो नीट लागत नाही. मला या ज्वारीबद्दल फार आदर वाटतो.

मुळांचा विषय निघाला की माझी बाग डोळ्यांपुढं येते. भगव्या डाळिंबाची तीनशे झाडं होती. त्या बागेवर एका मुलाचं शिक्षण झालं आणि घराला स्लॅब पडला. मग झाडं एकेक करून मलूल होऊ लागली. खोडाला भोकं पाडणारा किडा होता, मर रोग होता, आणि जेसीबीनं पहिलं झाड उपटलं तेव्हा तिसराही दिसला. पांढऱ्या मुळांवर मण्यांच्या माळेसारख्या गाठीच गाठी. निमॅटोड. सूत्रकृमीची मादी पिल्लू असतानाच मुळात शिरते, तिथल्या काही पेशींना फुगवून आपल्यापुरती कोठारं करून घेते आणि उरलेला जन्म तिथून हलत नाही. फुगत जाते, शेकड्यांनी अंडी घालते. मुळाला वाटतं आपण आपल्याच अंगाला पोसतोय.

मी त्या खड्ड्याच्या काठावर बसलो आणि शेजारच्या वाफ्यातला भुईमुगाचा एक डहाळा उपटला. त्याच्याही मुळांवर गाठी होत्या. लांबून बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच. पण भुईमुगाची गाठ नखानं खरवडली की निघून येते, आणि फोडली की आत लालसर दिसते. त्या लाल खोलीत जिवाणू बसून हवेतला नत्र झाडासाठी बांधून देत असतात. डाळिंबाची गाठ खरवडून निघत नाही. ती वरून बसलेली नसतेच. मूळच सुजलेलं असतं. दोन्ही हातांत दोन मुळं धरून मी बराच वेळ बसलो होतो. एकात पाहुणा घर चालवतो, दुसऱ्यात घर पाहुण्याला चालवतं. त्या जिवाणूंनाही भुईमुगाचं मूळ आधी आपल्या द्रव्यानं बोलावून घेतं. आत यायचं दार दोघांसाठी एकच असतं असं मी म्हणणार नाही, पण दार असावंच लागतं. भिंतच असलेलं मूळ कुठल्याही पिकाला नाही.

बाग काढल्याचं आईला मी दोन दिवस सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती काठी टेकत रानात आली, खड्डे बघितले, उपटलेलं एक मूळ उचलून गाठींवरून अंगठा फिरवला. म्हणाली, "आत शिरल्यालं भाईर काढायचं म्हंजी लई चिकाटी लागती."

तिला ते अंगानं माहीत आहे. तिच्या डाव्या घोट्यावर रुपयाएवढा चकचकीत व्रण आहे. दहा-अकरा वर्षांची असताना, म्हणजे १९५५ च्या सुमारास, तिला नारू झाला होता. त्या काळी गावात पाणी एकाच पायऱ्यांच्या विहिरीचं. पायऱ्या उतरायच्या, गुडघाभर पाण्यात उभं राहून घागर बुडवायची. त्या पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या जलपिसवा, त्यांच्या पोटात नारूची पिल्लं. पाणी प्यायलं की पिल्लं माणसात. मग वर्षभर काहीच कळत नाही. मादी आतल्या आत वाढते, दीड-दोन हात लांब होते आणि बहुधा पायाकडं उतरते. कातडीवर फोड येतो, आणि आग अशी होते की माणूस पाय पाण्यात बुडवायला धावतो. पाय पाण्यात पडला की फोड फुटतो आणि मादी आपली हजारो पिल्लं पाण्यात सोडते.

"काडीला गुंडाळायचा," आई सांगते. "रोज दोन बोटं. जास्ती वढला तर तुटायचा, मग पाय सुजून पू धरायचा. माझी आज्जी रोज सकाळी बसायची. म्हणायची, धागा हाय, हळू घे." तीन आठवडे आजी-नातीनं तो पांढरा धागा काडीवर घेतला. आईच्या बोलण्यात त्या किड्याबद्दल राग नसतो. आजीच्या बोटांची आठवण असते.

१९८३-८४ साली सरकारनं राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू केला. ज्या सात राज्यांत नारू होता त्यांत महाराष्ट्र होता. पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या किंवा त्यांना कठडे आले, हातपंप बसले, पाण्यात औषध पडलं, आणि घरोघरी सांगितलं गेलं की पाणी दुहेरी कापडातून गाळून प्या. इतकंच. नारूवर ना लस होती ना गोळी. मी तेव्हा नुकता मास्तर झालो होतो. शाळेत तक्ता आला होता, तो मी मोठ्या हौसेनं घरी आणला आणि चुलीपुढं बसलेल्या आईला सगळं चक्र समजावून सांगितलं. पाय पाण्यात बुडवला की पिल्लं पाण्यात जातात, त्यांना जलपिसवा खातात, त्या दुसऱ्याच्या पोटात जातात. आई भाकरी थापायची थांबली. तव्यावरची करपली.

"म्हंजी मी पाण्याला जात हुते त्या दिसांत," ती म्हणाली, "माझ्या पायानं किती जणांस्नी दिला असंल?"

दहा वर्षांची पोर. घरात पाणी आणणारं दुसरं कुणी नव्हतं म्हणून फोड आलेल्या पायानं ती विहीर उतरत होती. कीड तिच्या ज्या कामावर स्वार झाली ते तिच्या घराला जगवणारं काम होतं. हे मी तिला त्या दिवशी सांगायला हवं होतं. तक्ता गुंडाळून उठलो. तीस वर्षं शिकवूनही उजव्या रकान्यात जिवंत कुणीतरी असतं हे मला फार उशिरा कळलं.

देशातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ च्या जुलैमध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला. २००० सालच्या फेब्रुवारीत जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. १९८६ साली जगभरात ३५ लाख माणसांना नारू होत होता. अलीकडं वर्षाला वीसच्याही आत रुग्ण सापडतात, तेही आफ्रिकेतल्या मोजक्या देशांत. ही बातमी मी आईला वाचून दाखवली होती. ती नुसती 'बरं झालं' म्हणाली.

आता घरात नळ आहे. रानापर्यंत टेंभू योजनेतून कृष्णेचं पाणी चढून चढून येतं. ते पहिल्यांदा पाटात आलं तेव्हा आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. पण नळाच्या तोटीला तिनं आजही जुन्या लुगड्याचं कापड बांधलेलं असतं, दोन पदरी, सुतळीनं आवळून. सुनेनं फिल्टर आणला, तो ओट्यावर आहे. आई फिल्टरमध्ये ओतायचं पाणीही आधी कापडातून घेते. दर अमावस्येला ती कापड सोडते, उलटं करून दगडावर आपटते, पिळते आणि अंगणात उन्हाकडं धरून त्यातून बघते. डोळे अधू झालेत, म्हणून मला हाक मारते. "बघ रं, कुटं इरलंय का."

मी दोन्ही हातांनी ताणून बघतो. एका कोपऱ्यात सूत विरळ झालेलं असतं. आई पेटीतून दुसरं लुगडं काढून फाडायला लागते.